ब-२ श्रेणी मिळाली, पण मुलाला वाचता येतं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या १ मे रोजी झेंडावंदन झालं की कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळांत प्रगतीपत्रकं वाटली जातील. पालकांची पहिली नजर श्रेणीच्या रकान्यावर जाईल. अ-१ असेल तर घरी जाताना पेढे घेतले जातील, ब-२ असेल तर पोराकडे एकदा बघून पत्रकाची घडी खिशात जाईल. ती श्रेणी कशी तयार झाली आणि तिच्यावरून मुलाबद्दल नेमकं काय कळतं, हे मात्र त्यांना कुणी समजावून सांगत नाही. प्राथमिक आणि माध्यमिक वर्गांना शिकवणारे म्हणून ते आम्हीच सांगायला हवं. पहिली ते आठवीच्या पत्रकावरची श्रेणी आज मुलाला काय येतं ते सांगत नाही. यात दोष मुलाचा नाही आणि बहुतेक वेळा शिक्षकाचाही नाही.

राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं ते २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने. शिक्षण हक्क कायदा त्याच वर्षी १ एप्रिलला लागू झाला होता आणि अशा मूल्यमापनाची तरतूद त्या कायद्यातच आहे. वर्षाची दोन सत्रं आणि प्रत्येक सत्रात विषयाला शंभर गुण. हे शंभर दोन हिश्शांत वाटलेले असतात. वर्षभर वर्गात जे दिसतं त्याचे गुण म्हणजे आकारिक, सत्राअखेरच्या परीक्षेचे गुण म्हणजे संकलित. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, सातवी-आठवीला ४० आणि ६०. दोन्हींची बेरीज ९१ किंवा जास्त झाली की अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, ६१ ते ७० ला ब-२, ५१ ते ६० ला क-१, ४१ ते ५० ला क-२, ३३ ते ४० ला ड आणि त्याखाली इ-१, इ-२.

यामागचा विचार चांगला होता, आजही आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाची पारख दीड तासाच्या एका पेपरवर करू नये. ते खेळताना, बोलताना, फळ्यासमोर उभं राहून वाचताना जे दाखवतं तेही धरावं. या तत्त्वाला आमचा विरोध नाही. घोडं अडतं ते बेरजेत.

चौथीच्या गणिताचं उदाहरण घ्या. संकलितच्या ४० गुणांत तोंडी १० आणि लेखी ३० असतात. एका मुलाला लेखीत ८, तोंडीत ६ असे १४ मिळाले. आकारिकमध्ये वही नीट, उपक्रम पूर्ण, हजेरी चांगली म्हणून ६० पैकी ५२ पडले. बेरीज ६६, श्रेणी ब-२. दुसऱ्या मुलाला लेखीत २४, तोंडीत ८ असे ३२ मिळाले, पण त्याच्या शाळेतल्या बाई आकारिकचे गुण हात राखून देतात, म्हणून ३४. बेरीज पुन्हा ६६ आणि श्रेणी पुन्हा ब-२. पहिल्या मुलाला वजाबाकी येत नाही. दुसरा पाचवीच्या गणिताला तयार आहे. दोघांची पत्रकं शेजारी ठेवली तर गणिताच्या ओळीत काडीचाही फरक दिसणार नाही. पुढच्या वर्गाच्या शिक्षकाने या ओळीवरून काय ठरवायचं?

पहिली-दुसरीत तर आकारिक एकट्याच्या बळावर श्रेणी उभी राहते. ७० पैकी ६० पडले तर संकलितमध्ये भोपळा मिळूनही क-१ येतो. उलट काठावरच्या मुलाचं दुःख वेगळंच असतं. ८० ला ब-१ आणि ८१ ला अ-२, म्हणजे एका गुणाने अक्षर बदललं. ७१ आणि ८० मधला नऊ गुणांचा फरक मात्र एकाच अक्षरात गडप झाला. एका गुणाइतकी चूक तर एकाच शिक्षकाने तोच पेपर सकाळी आणि रात्री तपासला तरी होते.

आता मुलाच्या पाटीकडे या, कारण खरी गोष्ट तिथे दिसते. शिक्षक तोंडी सांगतात, 'त्रेपन्न वजा अठरा.' बरोबर उत्तर ३५. एक मूल ५३ खाली १८ मांडतं आणि ४५ लिहितं. त्याने ८ मधून ३ काढले आणि ५ मधून १ काढला. वरचा अंक लहान असला तरी मोठ्यातून लहान वजा करायचा, एवढंच त्याला ठाऊक आहे. दुसरं मूल १७ लिहितं. उत्तर साफ चुकलेलं वाटतं, पण पाटी नीट पाहिली तर त्याने ३५ वजा १८ केलेलं असतं आणि ती वजाबाकी अचूक असते. 'त्रेपन्न' ऐकताना आधी तीन ऐकू येतात, म्हणून त्याने आधी तीन लिहिले. मराठी संख्यानामांत एकक आधी आणि दशक नंतर येतं, त्याचा हा गोंधळ. याच अडचणीवरून २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातल्या संख्यावाचनावर राज्यभर वाद झाला होता. तिसरं मूल ३६ लिहितं. त्याला रीत येते, बोटांवर मोजताना एक घर चुकलं.

तिघांनाही शून्य गुण मिळतात. उपाय मात्र तिघांना तीन वेगळे लागतात. पहिल्याच्या हातात काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे द्यावे लागतात. पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्यांतून आठ काड्या काढायला सांगितलं की एक गठ्ठा सोडल्याशिवाय गत्यंतर नाही, हे त्याचं त्यालाच उमगतं. त्यात तीन-चार दिवस जातात. दुसऱ्याशी वजाबाकीचं नावही काढायचं नाही. त्याला ५० चं कार्ड, त्याच्या शून्यावर बसणारं ३ चं कार्ड आणि तोंडाने 'त्रेपन्न' असा सराव हवा. त्रेपन्न-पस्तीस, अठ्ठेचाळीस-चौऱ्याऐंशी अशा जोड्या रोज दहा मिनिटं घेतल्या तर दोन आठवड्यांत फरक पडतो. तिसऱ्याला फक्त ताळा करायची सवय लावायची: ३६ आणि १८ मिळवून ५३ येतात का बघ. आकारिक मूल्यमापन म्हणतात ते हेच. निरीक्षण, निदान आणि उपाय. पण आकारिकच्या नोंदवहीत यातलं काहीच जात नाही. तिथे जातं 'चाचणी: २० पैकी १२'.

असं का होतं, याचं उत्तर मोजून देता येईल. आकारिकची साधनं आठ आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि इतर. भाषा, गणित अशा विषयांत किमान पाच साधनं वापरायची. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणात किमान तीन. चौथीला मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास या चार विषयांच्या वीस नोंदी आणि उरलेल्या तीन विषयांच्या नऊ, अशा एका मुलाच्या एका सत्रात एकोणतीस नोंदी होतात. तीस मुलांच्या वर्गात ८७०. नोंदीला एक मिनिट धरलं तरी साडेचौदा तास, आणि ते फक्त लिहिण्याचे, निरीक्षणाचे नव्हेत. त्यावर प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या वाड्यांवर पहिली ते चौथी दोन शिक्षक सांभाळतात. पटसंख्या कमी असली तरी एका वेळी दोन वर्ग समोर असतात. मुख्याध्यापकाचा कारभारही त्या दोघांतल्याच एकाकडे असतो.

तिथला दिवस कसा जातो तेही सांगतो. सकाळी हजेरी वहीत आणि मोबाइलवर. मग शालेय पोषण आहार. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, म्हणजे पंचेचाळीस लहान मुलांसाठी साडेचार किलो मोजून द्यायचा, नोंदवहीत लिहायचा, अ‍ॅपवर भरायचा. त्यात यू-डायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) माहिती, आधार पडताळणी, अपार (विद्यार्थ्याचं कायमचं शैक्षणिक) ओळखपत्र, शिष्यवृत्तीचे अर्ज. अधूनमधून मतदार यादीचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येतात. आपत्तीच्या कामाबद्दल आमची तक्रार नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ, करवीरच्या शाळांत माणसं राहिली, शिक्षकांनी तिथे काम केलं आणि पुन्हा वेळ आली तर करतील. तक्रार आहे ती एकच माहिती तीन ठिकाणी भरण्याबद्दल. ज्या पाऊण तासात त्या तीन पाट्या बघून झाल्या असत्या, तो पाऊण तास तिथे जातो.

मग आकारिकच्या नोंदी एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकदम लिहिल्या जातात. बाजारात तयार वाक्यांची पुस्तकं मिळतात, व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ फिरतात. 'गणितातील संबोध समजून घेतो', 'उपक्रमात उत्स्फूर्तपणे सहभागी होतो', 'वाचनात सुधारणा आवश्यक'. वाक्यं पालटून लावली तरी कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती कुठल्याच मुलाची नसतात. वाचनाची खरी नोंद अशी असते: 'सलग वाचतो. जोडाक्षराला थांबतो. सूर्य, चक्र जमतं. राष्ट्र आणि वऱ्हाड हे र चे प्रकार ओळखत नाही. वाचलेल्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगतो.' एवढ्या ओळींवर पुढच्या वर्गाचा शिक्षक दुसऱ्या दिवसापासून कामाला लागू शकतो. 'सुधारणा आवश्यक' वाचून तो काय करणार?

दुसरं कारण बोलायला अवघड आहे, पण बोललं पाहिजे. खरी श्रेणी लिहिणाऱ्या शिक्षकाला आधार मिळत नाही. वर्गात पाच मुलं इ श्रेणीत दाखवली तर त्यांना जादा मार्गदर्शन करून वर आणणं अपेक्षित आहे आणि ते योग्यच आहे. पण जादा माणूस मिळत नाही, जादा तास मिळत नाही, मिळतो तो खुलासा मागणारा कागद. शेजारच्या शाळेने सगळी मुलं क-२ च्या वर दाखवली तर तिचं कौतुक होतं. शिक्षकही माणूसच आहे. दोन-चार वर्षांत तो बेरीज आधी ठरवून आकारिकचे रकाने मागाहून भरायला शिकतो. संकलितला १४ मिळाले आहेत ना, मग आकारिक ५० च्या आसपास हवं. हे आम्ही समर्थन म्हणून लिहीत नाही. हे चूक आहे, आणि चूक कुठून जन्माला येते ते कळल्याशिवाय ती निघणार नाही.

या चुकीची किंमत पाचवीत मोजावी लागते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायदा दुरुस्त करून पाचवी आणि आठवीला परीक्षेची मुभा दिली. राज्याने २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा लावली. पाचवीला विषयाला ५० गुण आणि पास होण्यासाठी १८, आठवीला ६० गुण आणि पास होण्यासाठी २१. नापास झाल्यास जूनमध्ये पुनर्परीक्षा, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. आता पालकाच्या जागी उभं राहून बघा. चार वर्षं मुलाच्या पत्रकावर ब-२ आणि क-१ होतं. पाचव्या वर्षी शाळा सांगते, याला लिहिता येत नाही. पालक विचारतो, 'मग चार वर्षं तुम्ही काय बघत होता?' त्याचं काही चुकत नाही.

पाचवीच्या त्या ५० गुणांतही तोंडीचे १० शाळेच्याच हातात आहेत. तोंडीत ९ दिले की लेखीच्या ४० पैकी ९ मध्ये मूल पार होतं. म्हणजे गुण देण्यातल्या ज्या सैलपणामुळे परीक्षा आणावी लागली, तो सैलपणा परीक्षेतही आहेच. परीक्षा हवी की नको यावर शिक्षकांतही दोन मतं आहेत. आमचं मत असं की, नापास करणं हा उपाय नव्हे, पण पहिल्या चार वर्षांत खरी नोंद ठेवली नाही तर कोणत्याही बाजूने गेलं तरी मुलाचंच नुकसान होतं. पाचवीत मागे पडलेलं मूल दिवाळीच्या आधी ओळखता येतं. एप्रिलमध्ये कळून उपयोग नाही. मे महिन्यात मूल मामाच्या गावाला गेलेलं असतं आणि जूनच्या पुनर्परीक्षेआधी हातात जेमतेम आठवडा उरतो.

आपल्या जिल्ह्याच्या दोन गोष्टी श्रेणीत कुठेच बसत नाहीत. पहिली भाषेची. कोल्हापूर भागात घराघरांत मुलीही 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतात. आई तसं बोलते, आजी तसं बोलते. दुसरीतली मुलगी निबंधात 'मी आईबरोबर बाजारात गेलो' लिहिते आणि लिंगाची चूक म्हणून गुण जातात. ती चूक नाही, ती घरची बोली आहे. प्रमाण मराठी शिकवायचीच, पण तिसरीच्या आत त्याचे गुण कापू नयेत. घरी कसं बोलतो आणि पुस्तकात कसं लिहितात, अशी दोन वाक्यं शेजारी लिहून दाखवली की मुली महिना-दीड महिन्यात दोन्ही वेगळं ठेवायला शिकतात. गुण कापले की बोलणंच कमी करतात. इचलकरंजीत यंत्रमागावर आलेल्या कुटुंबांची मुलं घरात हिंदी किंवा कन्नड बोलतात, त्यांच्याबाबतीत तर हे आणखी जपून करावं लागतं.

दुसरी गोष्ट ऊसतोडणीची. दिवाळीनंतर बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. शिरोळ, हातकणंगले, कागलच्या फडाजवळ पालं पडतात आणि शाळेत सात-आठ मुलं नव्याने बसू लागतात. गावाकडच्या शाळेत त्यांचं नाव असतं. पहिल्या सत्राची संकलित कधी झालेली असते, कधी निम्मी. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की दुसऱ्या सत्राची परीक्षा व्हायच्या आत ती परत जातात. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, आणि ते असल्याने प्रवेश अडत नाही हे मान्य. पण मूल कुठवर आलं आहे ते कार्डावरून कळत नाही. परिच्छेद वाचतं का, हातच्याची बेरीज येते का, कुठला धडा चालू होता, एवढ्या तीन ओळी कार्डाच्या मागे लिहिल्या तर इकडच्या शिक्षकाचे पहिले पंधरा दिवस वाचतील आणि मार्चमध्ये तिकडच्याचे. ही मुलं वर्षात दोनदा पहिल्यापासून सुरुवात करतात, आणि दोन्ही शाळांच्या पत्रकांत त्यांचा रकाना अर्धा कोरा राहतो.

माध्यमिककडे थोडक्यात येतो. दहावीला भाषेत ८० लेखी आणि २० अंतर्गत, म्हणजे शाळेनेच द्यायचे; पास व्हायला एकूण ३५. अंतर्गत १८ दिले की लेखीत १७ पुरतात. या वीस गुणांचं वजन किती, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. २०१८ ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले तेव्हा ७७.१० टक्के लागला. गुण परत आणल्यावर २०२० ला ९५.३० टक्के. २०१९ ला अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळी घसरण एकाच कारणावर टाकता येणार नाही. तरीही श्रवण-भाषणाची परीक्षा खरोखर मुलाला समोर बसवून घेतली जाते का, हे प्रत्येक शाळेने स्वतःला विचारावं. वर्गात साठ मुलं, प्रत्येकाला पाच मिनिटं, म्हणजे एका विषयाला पाच तास. वेळापत्रकात ते पाच तास कुठे आहेत?

निकालाच्या तारखेचंही तसंच. २०२५ मध्ये राज्यभर एकच वेळापत्रक लावून परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा घेतल्या आणि १ मे ला निकाल ठेवला. चार तुकड्यांना शिकवणाऱ्या शिक्षकाकडे दोनशे पेपर असतात. एका पेपरला सहा मिनिटं धरली तर वीस तास होतात, त्यानंतर बेरजा, तक्ते, पत्रकं. शेवटचा पेपर आणि निकाल यांत दहा कामाचे दिवस दिले तर तपासणी नीट होईल. निकाल १ मे ऐवजी पुढे गेल्याने कुणाचं काही अडत नाही.

आता करता येण्यासारखं. यातलं बरंचसं जिल्ह्याच्या पातळीवर होऊ शकतं.

पत्रकावर श्रेणीच्या शेजारी आकारिक आणि संकलितचे गुण वेगवेगळे लिहावेत. '५२/६०, १४/४०' एवढं दिसलं की पालकाला आणि पुढच्या शिक्षकाला न सांगता कळतं. यासाठी जादा कागदही लागत नाही.

पहिली ते चौथीला मराठी आणि गणितासाठी मुलामागे एक पान ठेवावं. त्यावर दहा-दहा नेमकी विधानं: जोडाक्षरांचे शब्द वाचतो, अनोळखी परिच्छेद वाचून अर्थ सांगतो, ऐकलेली दोन अंकी संख्या लिहितो, दशक सुटा करून वजाबाकी करतो, अशी. प्रत्येकासमोर गुण नाहीत, श्रेणी नाही, फक्त ते पहिल्यांदा जमलं ती तारीख. रोज पाच मुलं घेतली तर तीसचा वर्ग आठवड्यात पूर्ण होतो. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षणाच्या नोंदी सत्रातून एकदाच घ्याव्यात. ८७० नोंदींचा डोंगर त्याने बराच खाली येईल आणि उरलेल्या खऱ्या असतील.

तोंडी कामाचे निकष ठरवून घ्यावेत. वाचनाचे १० गुण असतील तर पुस्तकाबाहेरचा साठेक शब्दांचा परिच्छेद द्यायचा. शब्द बरोबर वाचण्याला ४, विरामचिन्हं पाळण्याला २, अर्थ सांगण्याला ४. निकष भिंतीवर लावले तर मुलंच एकमेकांना सांगतात, 'तू पूर्णविरामाला थांबला नाहीस.' आणि पाचवी-आठवीची तोंडी परीक्षा आपल्या शाळेची आपण न घेता आपल्या केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने घ्यावी. एका दिवसाची अदलाबदल आहे, खर्च प्रवासाचा.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत भाषणांचा वेळ कमी करून पेपर आणावेत. प्रत्येक शाळेने पाच तपासलेले पेपर आणायचे आणि गुण कागदाने झाकायचे. दुसऱ्या शिक्षकाने पेन्सिलने वेगळ्या कागदावर तपासायचं आणि मग झाकलेले गुण उघडायचे. तीसच्या पेपरात तीनपेक्षा जास्त फरक आला तर तो पेपर सगळ्यांसमोर वाचायचा. निबंध, पत्रलेखन आणि शाब्दिक उदाहरणांत हा फरक हमखास येतो. शाब्दिक उदाहरणात मांडणी बरोबर आणि उत्तर चुकलं तर किती गुण द्यायचे, हे एकदा ठरलं की वर्षभराचा वाद मिटतो. यात कुणाची चौकशी नाही, म्हणून अधिकाऱ्यांनी या वेळी नोंदवहीत कुणाचं नाव लिहू नये. नाव लिहिलं की पुढच्या वेळी फक्त चांगले पेपर येतील.

राज्यस्तरावरून येणाऱ्या पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे गुण शिक्षक मोबाइलवर चॅटबॉटमध्ये भरतात. चंदगड, गगनबावड्याच्या काही वाड्यांत त्यासाठी शाळा सुटल्यावर रेंज मिळेल त्या टेकाडावर जावं लागतं. भरतो, पण त्या आकड्यांतून तयार झालेलं निदान पंधरा दिवसांत शाळेकडे परत यावं. सत्र संपल्यावर आलेल्या तक्त्याचा मुलाला काही उपयोग नाही.

पालकांना एक विनंती. १ मे ला पत्रक घ्यायला याल तेव्हा श्रेणीबरोबर मुलाचा शेवटचा मराठीचा आणि गणिताचा पेपर मागा. तो बघणं हा तुमचा हक्क आहे. घरी आल्यावर मुलाने आधी न पाहिलेलं, त्याच्या इयत्तेच्या एक वर्ष मागचं एखादं पान मोठ्याने वाचायला सांगा आणि काय वाचलंस ते विचारा. 'त्रेपन्न वजा अठरा' तोंडी सांगून पाटीवर करायला लावा आणि उत्तर चुकलं तर रागावण्याआधी ते कसं चुकलं ते बघा. जे दिसेल ते एका चिठ्ठीवर लिहून जूनमध्ये वर्गशिक्षकांना द्या.

आणि जिल्हा परिषद व महापालिकेच्या शिक्षण विभागांना विनंती की वर सुचवलेलं एक पानी नोंदपत्रक आणि झाकलेल्या गुणांची तपासणी येत्या जूनपासून किमान दोन केंद्रांत करून बघावी: एक गगनबावड्यासारख्या डोंगरी तालुक्यात, एक शिरोळसारख्या ऊसपट्ट्यात. दिवाळीपर्यंत एक सत्र पूर्ण होईल. तेव्हा त्या केंद्रांतल्या पाचवीच्या मुलांचं वाचन बाहेरच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावं, आणि नोंदपत्रकावरच्या तारखा व प्रत्यक्ष वाचन यांत किती मेळ बसतो ते आपल्या दैनिकातून जाहीर करावं.

आपले,
जिल्ह्यातील काही प्राथमिक व माध्यमिक शिक्षक, कोल्हापूर